वाडगाभर जिलेटिन

आधी पायाखाली बघा. पॅरिसच्या या गल्लीत मधोमध गटार वाहतंय, दगडांवर रात्रीचं पाणी गोठलंय आणि तुमच्या मागून दोन बादल्या लटकवलेला पाणक्या शिव्या देत येतोय. बाजूला व्हा, भिंतीला चिकटा. साल १८३१ आहे. अंगावरचा जाडाभरडा कोट टोचतोय ना? टोचू दे. भूक लागलीय का, हे महत्त्वाचं.

आता नाक. रुमाल लावू नका, परके म्हणून लगेच ओळखू याल. वारा मोंफोकोंकडून येतोय. शहरभरच्या संडासांची घाण तिथे ओततात आणि म्हाताऱ्या घोड्यांची कातडी तिथेच सोलतात. त्यात गंधकाचा झणझणीत वास मिसळलाय, तो समोरच्या सेंट लुई रुग्णालयातून. हे कातडीच्या रोगांचं रुग्णालय आहे. खरूज झालेल्यांना इथे लाकडी पेटीत बसवतात, डोकं तेवढं बाहेर ठेवतात आणि आत गंधकाची धुरी सोडतात. ती पेटी बनवली दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने. या भल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. टाकसाळीत नाण्यांचा कस लावता लावता याच्या डोक्यात गरिबांच्या पोटाचा विचार घोळत असतो. आज तुम्ही आलात ते त्याचं दुसरं यंत्र बघायला. तिसरा वास त्याचाच: सरस उकळताना येतो तसा, गोडसर आणि घशात चिकटणारा.

चला आत. उंबरठा ओलांडताच चष्मा धुरकटेल, तो काढून खिशात टाका. इतकी वाफ आहे की पलीकडचा माणूस फक्त खोकल्यावरून कळतो. लोखंडी नळकांडी ओळीने उभी आहेत, त्यांत फोडलेली हाडं भरलीत आणि बॉयलरमधून रात्रंदिवस वाफ सोडलीय. खालच्या तोटीतून पिवळट पाणी ठिबकतंय. बाहेर थंडीने दात वाजत होते आणि इथे पाठीवरून घाम निथळतोय. कोळसा ओढणारा पोरगा तुमच्या पायावर फावडं आपटून जाईल. माफी मागणार नाही.

कामगाराची नजर चुकवून त्या ढिगातलं एक हाड उचला. वाफ खाऊन बाहेर पडलेलं, पांढरंफटक. अंगठ्याने दाबा. बघा, खडूसारखा भुगा झाला. आत जाताना हेच हाड घणाशिवाय फुटत नव्हतं. हाताला लागतोय तो उरलेला चुना आणि फॉस्फेट. हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजेन केव्हाच तोटीतून खाली गेलं.

हे कोलॅजेन म्हणजे तीन पदरी पिळाचा दोर. एकेका पदरात हजारभर अमिनो आम्लं एकापुढे एक जोडलेली, आणि दर तिसरं ग्लायसीन. दुसरं कुठलंही तिथे चालत नाही, कारण पदर आतून इतके खेटून बसतात की सगळ्यात लहान अमिनो आम्लच तिथे मावतं. तुमच्या नाकाचा शेंडा, टाचेची शीर आणि त्या घोड्यांची कातडी याच दोरावर उभी आहेत. पिळाचा आराखडा १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडला. इथे त्याचा कुणाला सुगावा नाही. वाफेने पीळ सुटला, पदर पाण्यात उतरले, एवढंच घडलंय. पाणी थंड झालं की हेच पदर जमेल तिथे पुन्हा एकमेकांना वेटोळे घालतात, आणि तुमच्या वाडग्यात जेली थरथरते.

रांगेत घुसू नका. पुढच्याच्या मानेवर खपल्या आहेत, मागचा सारखा कोपर खाजवतोय. पत्र्याच्या वाडग्यांचा खणखणाट, दगडी फरशीवर लाकडी जोड्यांची टकटक, आणि मधूनच ओरडणारी नन. आला तुमचा नंबर. प्या. कोमट आहे, मीठ कमी आहे, ओठाला ओठ चिकटतोय. यात थोडं मांस आणि भाजीही शिजवलीय, नाहीतर कुणी तोंडाला लावलं नसतं. ओतेल-द्यू रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर तक्रारच केलीय की हे सूप बेचव लागतं आणि लवकर नासतं.

दार्सेचं गणित मात्र वरवर चोख आहे. मांसात नायट्रोजन आहे, जिलेटिनमध्येही आहे, मग उकिरड्यावर जाणारी हाडं गरिबाच्या पोटात का जाऊ नयेत? ‘प्रोटीन’ हा शब्दही अजून कागदावर उतरलेला नाही, त्याला ७ वर्षं आहेत. त्यामुळे दार्सेला हसू नका. तुमच्या काळात प्रोटीन पावडरीचा डबा घेताना तुम्हीही पुठ्ठ्यावरचा ग्रॅमचा आकडाच बघता.

काही दिवस याच सुपावर आणि पावावर काढा. रोज पोट गच्च आणि तासाभरात पुन्हा भूक. खाल्लेलं अंगी लागत नाही. आल्फ्रेड दोने नावाच्या डॉक्टराने हे स्वतःवरच करून पाहिलं. पाव आणि जिलेटिन खाऊन त्याचं वजन घटलं. तुमचं अजून टिकलंय ते पावामुळे आणि त्या चार मांसाच्या तुकड्यांमुळे.

जमलं तर मधल्या वेळात नान्सीला जाऊन या. तिथे आंरी ब्राकोनोने १८२० मध्ये सरस गंधकाम्लात उकळला, खडूची पूड टाकून आम्ल मारलं, पाणी आटवलं, तर तळाशी खडे धरले. चिमूटभर जिभेवर ठेवा, चक्क गोड! त्याला ती साखरच वाटली. जिभेवर विरघळतंय ते ग्लायसीन, त्या दोरातलं दर तिसरं.

पॅरिसला परतलात की कान झाकून घ्या, कारण आता कुत्र्यांकडे जायचंय. दार्सेच्या दाव्याचा निवाडा करायला विज्ञान अकादमीने समिती नेमलीय आणि तिच्यात फ्रांस्वा माजांदी आहे. भुंकणं, ओल्या केसांचा वास, पायाखाली लघवीने भिजलेला पेंढा. माजांदीचा हात कठोर आहे, मला हा माणूस आवडत नाही. पण त्याचा प्रश्न सरळ आहे: नुसत्या जिलेटिनवर जीव जगतो का? एका कुत्र्यासमोर खाटिकाकडची छान मसालेदार जेली ठेवलीय. सुरुवातीला मिटक्या मारत खातं, मग नुसतं हुंगतं, मग थाळीकडे पाठ करून बसतं. बरगड्या मोजता येतात. भरल्या थाळीशेजारी ते उपाशी मरेल.

तुम्ही उद्याच्या जगातून आलाय, म्हणून तुम्हाला कारण ठाऊक असेल. शरीर वापरतं त्या २० अमिनो आम्लांपैकी ९ आपल्याला अंगात बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. त्यांतलं ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये अजिबात नाही. पेशी प्रोटीन विणायला बसते, ट्रिप्टोफॅनची जागा आली की काम अडतं. बाकीची अमिनो आम्लं साठवायला कोठार नाही, तेव्हा ती जळतात आणि त्यांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. ट्रिप्टोफॅन सापडलं १९०१ मध्ये, केंब्रिजला फ्रेडरिक हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत. पुढे तिथेच मक्याच्या झेइनवर ठेवलेले उंदीर हे एक अमिनो आम्ल घातल्यावर जास्त दिवस जगले. तरी कुत्र्याच्या मरणाचं सगळं खापर एकट्या ट्रिप्टोफॅनवर फोडू नका. त्या थाळीत जीवनसत्त्वं कुठे होती? नुसतं अंड्यातलं पांढरं अल्ब्युमिन खाऊनही या समितीची कुत्री तगली नाहीत.

समिती अहवाल देईल १८४१ मध्ये, तब्बल १० वर्षांनी. तोवर थांबायची गरज नाही. पाय उचला आणि लेझालच्या बाजाराकडे वळा. कोबीचा चिखल, मासळीचं पाणी, हमालांचा धक्का, या सगळ्यातून वाट काढत त्या कोपऱ्यावरच्या बाईच्या पातेल्यापाशी पोहोचा. वाटाण्याचं दाट सूप आहे, सोबत काळा पाव. गव्हात लायसीन कमी, ते वाटाण्यात भरपूर. वाटाण्यात मेथिओनीन कमी, ते गव्हात बऱ्यापैकी. आपल्या वरणभाताचाच हिशोब, फक्त फोडणी नाही. दोन सूंची चिल्लर काढा. सुटे नसतील तर बाई परत देणार नाही, आणि तिच्याशी घासाघीस करण्याइतकं फ्रेंच तुम्हाला येत नाही.