‘पैलू’ शब्दाची कुळी

आपल्या ज्ञातीत सोन्या-जवाहिराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे ‘पैलू’ हा शब्द घरोघरी नित्याचा आहे. तथापि तो यावनी म्हणून टाकावा व त्याच्या जागी ‘पार्श्व’ हा शुद्ध शब्द योजावा, असा आग्रह काही विद्वान बंधू धरतात. त्याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

पैलू हा फारसी ‘पहलू’चा मराठी अवतार, यात संशय नाही. मूळ अर्थ बाजू, कूस. पण पहलू आणि संस्कृतातील ‘पर्शु’, म्हणजे बरगडी, हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले आहेत. आणि ‘पार्श्व’ हा त्या पर्शूचाच आप्त. म्हणजे ज्याला घराबाहेर काढावयाचे व ज्याला आत घ्यावयाचे, ते दोघे भाऊबंदच निघाले! आपण ‘देवापाशी’, ‘आईपाशी’ म्हणतो, त्यातील ‘पाशी’देखील याच पार्श्वाचे लेकरू.

आता धंद्यातील अर्थ पाहू. बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षे’त उत्तम हिऱ्यास सहा कोटी, आठ पार्श्वे व बारा धारा सांगितल्या आहेत. खाणीतून निघालेल्या अखंड अष्टफलक स्फटिकाचेच हे यथार्थ वर्णन होय. ही आठ पार्श्वे कोणी पाडलेली नव्हेत, ती उपजत आहेत. ‘अष्टपैलू’तील आठाचा उगम येथेच असावा, असे आम्हांस वाटते.

पुढे चाकावर घासून पैलू पाडण्याची कला आली, तरी आपले कारागीर वजनास फार जपत. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच जवाहिरी ताव्हेर्निये लिहितो की, खडा निर्दोष असला तर येथील लोक त्यास वरखाली चाक लावून सोडून देत. त्यात डाग असला तर मात्र तो झाकण्यासाठी सर्वांगावर पैलू पाडीत. अष्टपैलू म्हणून ज्यांचा सत्कार होतो, त्यांनी हे मनावर घेऊ नये!

युरोपातील दृष्टी निराळी. वजन गेले तरी चालेल, तेज हवे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला म्हणून सांगितला जाणारा नाशिकचा हिरा १८१८ साली पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटांचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्यास नव्याने घडविले. पुढे १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पैलू पाडले, तेव्हा त्याचे वजन ४३.३८ कॅरट उरले. निम्म्याहून अधिक हिरा चाकाखाली गेला. तेज वाढले असेल; पण आपल्या जुन्या कारागिरास हा सौदा पटला नसता.

एका खड्यावरील निरनिराळ्या पैलूंना आपल्या कारखान्यांत निरनिराळी नावे असत. ज्ञातीतील ज्या वृद्ध कारागिरांना ती आठवत असतील, त्यांनी ती मुलानातवंडांकडून लिहवून आमच्याकडे पाठवावीत. पुढील अंकात ती अगत्यपूर्वक छापू.