अस्सल, नक्कल आणि हातातला पडदा

१/
जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी खिशात मावणारी अनेक यंत्रे आज बाजारात आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न सहसा किंमत आणि बॅटरी यांवर सुटतो. मात्र औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, उदाहरण घेतले की त्यात इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचा एक जुना वाद दिसू लागतो. #इतिहास #थ्रेड

२/
१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे मराठी इतिहासलेखनात बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान मिळू लागला. अस्सल कोणते, नक्कल कोणती आणि ती कशी झाली, हे प्रश्न तेव्हापासून प्रत्येक साधनाला विचारले जातात. व्हिडिओ गेमलाही ते विचारता येतात.

३/
अस्सल यंत्र जपानचे. निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ १५ जुलै १९८३ रोजी तेथे विक्रीस आला. भारतातील मध्यमवर्गीय घरांत मात्र १९९०च्या दशकात पोहोचल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ ही त्यांतली परिचित नावे. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला सरसकट ‘व्हिडिओ गेम’च म्हणत.

४/
हा संच टीव्हीला जोडावा लागे, आणि टीव्हीच्या बाबतीत औरंगाबादचे स्थान वेगळे होते. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन उद्योगाचा कारखाना पैठण रस्त्यावरील चितेगावात होता. देशभरच्या दिवाणखान्यांत गेलेल्या रंगीत टीव्हींशी या शहराचे नाव असे जोडले गेले. २०१८ साली व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

५/
टीव्हीची पद्धतही महत्त्वाची. जपान आणि अमेरिकेत टीव्हीवर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र रंगवले जाई. भारताने स्वीकारलेल्या ‘पाल’ पद्धतीत ५० वेळा. फॅमिकॉमच्या बहुतेक खेळांची गती या आकड्याला बांधलेली असे. त्यामुळे ‘पाल’साठी घडवलेल्या ५० चित्रांच्या नकलेवर तोच मारिओ सुमारे एक षष्ठांश सावकाश धावे आणि संगीतही संथ वाजे.

६/
कॅसेटही निराळ्या. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे आणि आरंभीची पातळी बदलून पुन्हा पुन्हा येत. ही यादी निन्टेंडोच्या कोणत्याही अधिकृत सूचीत सापडणार नाही. एका पिढीला ‘कॉन्ट्रा’ आणि ‘सर्कस चार्ली’ भेटले ते अशाच याद्यांतून.

७/
हातात धरून खेळण्याच्या यंत्रांचा इतिहासही असाच दुपदरी आहे. १९८९चा ‘गेम बॉय’ रंगहीन होता. पडदा १६० × १४४ ठिपक्यांचा, छटा केवळ चार. पण चार पेन्सिल सेलवर तो बराच काळ चाले. रंगीत पडद्याच्या सेगा ‘गेम गिअर’ला सहा सेल लागत आणि तेही काही तासांत संपत. खेळणाऱ्यांनी मोठ्या संख्येने साधे यंत्र पसंत केले.

८/
इथल्या घरांत मात्र गेम बॉय दुर्मीळच. हातात आला तो स्वस्त ‘ब्रिक गेम’: दहा बाय वीस चौकोनांचा पडदा आणि अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’चे अनुकरण. भारनियमनात टीव्ही बंद पडला तरी सेलवरचा हा खेळ चालू राही.

९/
आता निवडीकडे. ज्याला गेम बॉयचा इतिहास अभ्यासायचा आहे, त्याच्यासाठी २०२१चा ‘अ‍ॅनालॉग पॉकेट’ अस्सलाच्या जवळ जातो. त्याचा १६०० × १४४० ठिपक्यांचा पडदा मूळ पडद्याच्या बरोबर दहापट आहे, आणि गेम बॉयच्या मूळ कॅसेट त्यात बसतात. जुन्या चिपची रचना तो विद्युत्-मंडलाच्याच पातळीवर पुन्हा उभी करतो.

१०/
ज्याला औरंगाबादच्या दिवाणखान्यातला खेळ हवा, त्याने ४:३ प्रमाणाचा, ६४० × ४८० ठिपक्यांचा पडदा पाहावा. ‘मियू मिनी प्लस’ किंवा ‘अ‍ॅनबर्निक आरजी३५एक्सएक्स’ यांत तो मिळतो. फॅमिकॉमचे चित्र २५६ × २४०. दुप्पट केले की ५१२ × ४८०. उंची नेमकी जुळते आणि ठिपके वेडेवाकडे ताणले जात नाहीत.

११/
ही यंत्रे एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब वागणूक करणाऱ्या प्रणालीवर, चालतात. तिची मूळ मांडणी सहसा ६० चित्रांची असते. म्हणून बालपणीचा खेळ अचानक घाईत आल्यासारखा भासतो. काही एम्युलेटरांत प्रदेश निवडताना ‘डेंडी’ हा पर्याय असतो. डेंडी ही रशियात १९९२ साली आलेली नक्कल. तो पर्याय निवडला की ५० चित्रांची संथ गती परत येते.

१२/
काही गोष्टी मात्र परत येत नाहीत. ‘डक हंट’ची बंदूक जुन्या काचेच्या पडद्यावर किरण रेखाटले जाण्याच्या वेळेवर विसंबून होती. आजच्या सपाट पडद्यावर ती बंदूक निकामी ठरते. एम्युलेटरवर बदके उडतात, पण नेम धरावा लागतो बटणांनी.

१३/
या निवडीत खेळण्यापलीकडचे काय पणाला लागले आहे? ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृत विक्रीत नाहीत. ही अवस्था अधिकृत खेळांची. नकलांची तर कुणी सूचीच राखली नाही.

१४/
यंत्रात आयत्या भरून येणाऱ्या याद्या बहुधा जपानी-अमेरिकी मूळ आवृत्त्यांच्या असतात. त्यांवरच विसंबले, तर मराठवाड्यातील घरांत खेळ कसा खेळला गेला याचा पुरावा पुसला जाईल. या शहराच्या इतिहासापुरते पाहिले, तर नक्कल हेच अस्सल साधन आहे.

१५/
म्हणून नवे यंत्र घेण्यापूर्वी माळ्यावरची पेटी उतरवावी. कॅसेटच्या वेष्टनाचे आणि आतील पट्टीचे छायाचित्र घ्यावे, पडद्यावरची खेळांची यादी क्रमाने लिहून काढावी, संच कोणत्या साली व कुठल्या दुकानातून आला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याशेजारी नोंदवावे. यंत्राची निवड त्या नोंदीवरून करावी.