वाळवंट कोणत्या महिन्यात ओलांडावे?



दसऱ्याचे सीमोल्लंघन आता आपट्याची पाने वाटण्यापुरते उरले आहे. पण आपल्यापैकी कितीतरी घराणी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा या गावी आली ती याच रीतीने आली. पाऊस सरला, नद्यांना उतार मिळाला, वैरण हाताशी आली की लष्करे बाहेर पडत. आमच्या जैन साधुसाध्वींचा विहारही चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की सुरू होतो. लष्कराला चिंता नदी-नाल्यांची, साधूंना जीवजंतूंची. पण दोघांचाही महिना पाऊसच ठरवतो.

आज ज्या मुलखाविषयी बोलायचे आहे तिथे हा पाऊसच जवळजवळ नाही. तुर्कमेनिस्तानचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ८८ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातला दोन-तृतीयांशांहून अधिक भाग काराकुम, म्हणजे 'काळी वाळू'. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हिवाळ्यात उत्तरेकडे तो शून्याखाली वीसपर्यंत उतरतो. आजच्या प्रवाशाला तिथे एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात जावे असे सांगतात. सल्ला योग्यच आहे. मात्र या भागाचा इतिहास वाचताना लक्षात येते की हा प्रश्न तिथे कधीच केवळ सुखसोयीचा नव्हता. कोणत्या महिन्यात, किती माणसांना, कुठे पाणी मिळेल, असा तो प्रश्न होता. 'किती माणसांना' हा त्यातला भाग मोठमोठे सेनापती विसरले.

काराकुमच्या उत्तर टोकाला, आज उझबेकिस्तानात असलेले, खिवा शहर आहे. अमूदर्या नदीच्या पाण्यावर पोसलेल्या या हिरव्या पट्ट्याभोवती सगळीकडे वाळवंट. रशियाने तीन वेळा खिव्यावर मोठे सैन्य पाठवले आणि तिन्ही वेळा वेगळा ऋतू निवडला.

पहिली स्वारी १७१७ ची. पीटर बादशहाने बेकोविच-चेर्कास्की या सरदाराला अमूदर्येचा जुना प्रवाह आणि सोने यांच्या शोधासाठी पाठवले. सुमारे साडेतीन-चार हजारांचे हे सैन्य भर उन्हाळ्यात वाळवंट ओलांडून ऑगस्टमध्ये खिव्याजवळ पोहोचले. खानाने केलेला हल्लाही त्यांनी परतवला. मग खानाने मैत्रीचा हात पुढे केला आणि सुचवले की एवढ्या लोकांची एका गावात सोय होणार नाही, तुकड्या करून वेगवेगळ्या गावी उतरा. थकल्याभागल्या सैन्याला ते पटले. तुकड्या वेगळ्या झाल्या आणि बेकोविचसह बहुतेक सगळे कापले गेले. उन्हाने जे केले नाही ते दगाबाजीने केले. पण त्या दग्याला आधार होता दाणापाण्याच्या खऱ्या अडचणीचा.

दुसरी स्वारी १८३९ ची. ओरेनबुर्गचा गव्हर्नर पेरोव्स्की याला खिव्यातल्या रशियन गुलामांची सुटका करायची होती. उन्हाळ्यात विहिरी पुरणार नाहीत हे ओळखून त्याने हिवाळा निवडला, कारण बर्फ वितळवला की पाणी मिळते. हिशेब कागदावर चोख होता. सुमारे पाच हजार माणसे आणि दहा हजार उंट घेऊन तो नोव्हेंबरमध्ये निघाला. त्या वर्षीची थंडी मात्र विलक्षण कडक पडली. बर्फाखालचे गवत उंटांना मिळेना आणि जळणही पुरेना. उंट हजारोंनी मेले. अर्धी वाटही न चालता पेरोव्स्की १८४० च्या फेब्रुवारीत मागे फिरला. हजारावर माणसे दगावली होती आणि खिव्याच्या सैन्याशी मोठी लढाई झालीच नव्हती.

त्याच वर्षी रिचमंड शेक्सपिअर नावाचा एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी मे महिन्यात हेरातहून निघाला आणि मर्व्हवरून काराकुम ओलांडून जूनमध्ये खिव्याला पोहोचला. सोबत मोजकीच माणसे आणि त्या मुलखातले वाटाडे होते. ऐन उन्हाळ्यातच तो गेला. खानाची समजूत घालून त्याने ४१६ रशियन गुलाम सोडवले आणि रशियाच्या हद्दीत पोहोचवले. दहा हजार उंटांना जे जमले नाही ते एका लहान तांड्याला जमले. वाळवंटातली विहीर रात्रभरात ठराविकच पाणी देते. वीस जणांना ते पुरते, दोन हजारांच्या हाती चिखल लागतो. आमच्या होमिओपॅथीत मात्रेला फार महत्त्व आहे. वाळवंटालाही माणसांची मात्रा लहानच सोसते.

याआधी, १८३२ मध्ये, अलेक्झांडर बर्न्सही अशाच लहान काफिल्याबरोबर उन्हाळ्याच्या अखेरीस बुखाऱ्याहून मर्व्हच्या दिशेने गेला होता. त्याच्यासोबत डॉ. जेरार्ड, दिल्लीत शिकलेला मोहनलाल आणि मोजणीदार महंमद अली होता. हा महंमद अली मुंबईच्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या हाताखाली तयार झाला होता. हे तेच जर्व्हिस, ज्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. मुंबईत शिकलेल्या माणसाने अमूदर्येपलीकडची वाट मोजली हे आपण फारसे आठवत नाही. बर्न्सचा काफिला बराचसा रात्रीचा चाले. वाटेत त्यांना बुखाऱ्याच्या बाजाराकडे हाकलले जाणारे, तहानेने व्याकूळ झालेले इराणी कैदी भेटले. ऋतू निवडण्याची मुभा सर्वांना नसते.

तिसरी स्वारी १८७३ ची. जनरल कौफमन याने मागच्या दोन्ही स्वाऱ्यांवरून धडा घेतला. त्याने वसंत निवडला आणि सैन्य एकाच वाटेने न नेता ताश्कंद, ओरेनबुर्ग आणि कास्पियनचा किनारा अशा वेगवेगळ्या दिशांनी धाडले. तरीही काराकुममधून निघालेली मार्कोझोवची तुकडी वसंतातच उन्हाने आणि तहानेने हैराण होऊन परतली. खुद्द कौफमनचे सैन्य 'आदम-किरिलगान' या जागी मरणाच्या दारात पोहोचले. नावाचा अर्थच 'माणूस मरतो ती जागा'. दहा वर्षांपूर्वी फकिराच्या वेशात फिरणारा हंगेरियन पंडित व्हाम्बेरी याच बाजूच्या वाळवंटातून जुलैत गेला होता, तेव्हा त्याचेही सोबती तहानेने दगावले होते. कौफमनला जवळच 'अल्ती-कुदुक', म्हणजे 'सहा विहिरी' सापडल्या म्हणून तो वाचला. त्यांचेही पाणी सर्वांना पुरेना, तेव्हा बरीच जनावरे मागे धाडावी लागली. जूनमध्ये खिवा पडले आणि तहात तिथली गुलामगिरी बंद झाली.

या सगळ्यात तुर्कमेन लोकांचे मत कुणी विचारले नाही. 'ताकीर' नावाच्या सपाट चिकणमातीच्या पट्ट्यांवर वसंतात पडणारा थोडासा पाऊस मुरत नाही, वाहतो. तो खड्ड्यांत साठवायचा आणि त्याच्या मापाने मेंढरे फिरवायची, हे शास्त्र त्यांचे. ऋतू कसा आहे यावर त्यांचा कळप किती मोठा, हे ठरे. बाहेरून आलेले मात्र आधी संख्या ठरवत आणि मग तिला सोसणारा ऋतू शोधत. शेवटी तसा ऋतू सापडला. १८७९ च्या उन्हाळ्याअखेरीस ग्योक-तेपेच्या किल्ल्यापुढे हार खाल्ल्यावर रशियाने स्कोबेलेव्हला पाठवले. त्याने वर्षभर दाणागोटा साठवला, कास्पियनकडून रेल्वे घालायला घेतली आणि हिवाळ्यात वेढा दिला. जानेवारी १८८१ मध्ये किल्ला पडला आणि हजारो तेके तुर्कमेन मारले गेले. पळणाऱ्यांत बायकामुलेही होती. सेनापतीला सोयीचा तो महिना तुर्कमेनांच्या आठवणीत आजही काळा आहे.

रेल्वे १८८५ मध्ये अश्गाबादला आणि १८८८ मध्ये समरकंदला पोहोचली. पुढे १९५४ मध्ये सुरू झालेल्या काराकुम कालव्याने अमूदर्येचे पाणी वाळवंटात आणले. १९६२ मध्ये ते अश्गाबादला आले. आता कुठल्याही महिन्यात कितीही लोकांना जाता येते. पण या आणि अशा इतर कालव्यांनी नदीचे पाणी वळवले, आणि तिच्या टोकाचा अरल समुद्र आटत गेला. विहिरीचा जुना हिशेब चुकला नव्हता, तो फक्त नदीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला.

तेव्हा जायचे असल्यास मार्चअखेरीस निघावे. २१ मार्चच्या सुमारास नवरोज असतो आणि कोपेतदागच्या पायथ्याशी थोडे दिवस हिरवळ आणि खसखशीची लाल फुले असतात. ऑक्टोबरही उत्तम. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, लगेच उडून जातो, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे, हा डॉक्टर म्हणून सल्ला. ज्यांना ऊन सोसते त्यांनी ऑगस्टचाही विचार करावा, कारण त्या महिन्यात तिथे खरबुजांचा उत्सव असतो. चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की या भागातल्या खरबुजांच्या फोडी उन्हात वाळवून थेट हिंदुस्थानापर्यंत पाठवल्या जात. ज्या उन्हाने फौजा अडवल्या, त्याच उन्हात ती फळे पिकत आणि वाळत.