मुक्या अक्षरांची साक्ष : इंग्रजीतील 'जी-एच'चा इतिहास

१/ नाइट (रात्र), लाइट (प्रकाश), एट (आठ), डॉटर (कन्या). या चारही इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये 'जी' आणि 'एच' ही अक्षरे शेजारी शेजारी येतात. उच्चारात मात्र त्यांचा मागमूस नसतो. शाळकरी मुलाला ती घोकावी लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एका लुप्त ध्वनीचा पुरावा दिसतो.

२/ प्राचीन इंग्रजीत हा ध्वनी स्पष्ट ऐकू येई. घशातून घासत काढलेल्या 'ख'सारखा तो होता आणि केवळ 'एच'ने लिहिला जाई. रात्रीला 'निख्ट' आणि कन्येला 'दोख्तोर' म्हणत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हातून लेखनपद्धती पालटू लागली. तीनच्या आकड्यासारखे दिसणारे 'योख' हे अक्षर काही काळ या ध्वनीसाठी वापरात होते. अखेरीस 'जी-एच' ही जोडी रूढ झाली.

३/ १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. पुढील दोन शतकांत छपाईमुळे स्पेलिंग स्थिरावत गेले आणि त्याच काळात हा ध्वनी बोलण्यातून नाहीसा झाला. लाफ (हसणे), कफ (खोकला), इनफ (पुरेसे) अशा काही शब्दांत त्याची जागा 'फ'ने घेतली. इतरत्र तो पूर्णपणे मावळला. स्पेलिंग मात्र जुनेच राहिले.

४/ हा ध्वनी खरोखर होता, हे कशावरून? भगिनीभाषांच्या साक्षीवरून. जर्मन आजही 'नाख्ट', 'लिख्ट', 'आख्ट', 'टोख्टर' म्हणते. स्कॉटलंडच्या बोलीत 'निख्ट' टिकून आहे. अधिक मागे गेल्यास लॅटिन 'ऑक्टो' आणि संस्कृत 'अष्ट', 'नक्त', 'दुहितृ' भेटतात. 'दुहितृ'मधील 'ह' आणि 'डॉटर'मधील 'जी-एच' हे मुळात एकाच व्यंजनाचे अवशेष होत. मराठी 'आठ' आणि इंग्रजी 'एट' हेही एकाच कुळातले.

५/ तथापि प्रत्येक साक्षीदार विश्वासार्ह नसतो. डिलाइट (आनंद) हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्यात 'जी-एच' नव्हते. 'लाइट'च्या साम्यामुळे सोळाव्या शतकात ते त्यात शिरले. घोस्ट (भूत) या शब्दाचे प्राचीन रूप 'गास्त' होते. त्यातील 'एच' कॅक्स्टनच्या छपाईतून, बहुधा फ्लेमिश लेखनाच्या प्रभावाने आला. जुन्या पोथीत जसे प्रक्षेप असतात, तसेच हे स्पेलिंगमधील प्रक्षेप. म्हणून साधनचिकित्सा शब्दांनाही लागू पडते.

६/ मग ही मुकी अक्षरे काढून का टाकू नयेत? अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टर यांनी १८२८ च्या कोशात प्लाऊ (नांगर) या शब्दातून 'जी-एच' वगळून सुटसुटीत रूप पुरस्कारले, आणि अमेरिकेत तेच रूढ झाले. 'नाइट' आणि 'लाइट' मात्र तेथेही जसेच्या तसे राहिले.

७/ मराठीने याच प्रश्नाचे उत्तर अधिक ठामपणे दिले. 'पांच', 'नांव', 'कांटा' यांवरील अनुच्चारित अनुस्वार हे 'पञ्च', 'नाम', 'कण्टक' यांतील अनुनासिकांचे अवशेष होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि हे अनुस्वार प्रमाणलेखनातून गेले. कोकणीत 'नांव' म्हणताना ते अनुनासिक आजही ऐकू येते, जसा स्कॉटिश 'निख्ट'मध्ये जुना 'ख' ऐकू येतो.

८/ लेखन उच्चाराच्या जवळ आणले की शिकणाऱ्याचे ओझे हलके होते. मराठी मुलांना त्याचा लाभच झाला. परंतु त्याची किंमतही असते. 'पाच' लिहिणाऱ्या पिढीला 'पञ्च'कडे जाणारी खूण शब्दात दिसत नाही. ती जुन्या छापील पुस्तकांत शोधावी लागते. म्हणूनच १९६२ पूर्वीचे ग्रंथ पुन्हा छापताना त्यांतील अनुस्वार मुद्रणदोष समजून पुसणे म्हणजे एक साधन नष्ट करणे होय.