केबल स्ट्रीटचे दोन उस्ताद

‘बाअदब बानसीब, बेअदब बेनसीब’ ही म्हण आपल्याकडे मदरशाच्या ओसरीपासून हायस्कूलच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे ऐकू येते. शागिर्दाने उस्तादाचा अदब राखावा, याबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या वर्गात अदब मुळातच नाही, तिथे उस्तादाने काय करावे? आणि तो उस्ताद परक्या मुलखातून आलेला, वेगळ्या रंगाचा असेल आणि राज्यकर्त्यांच्या मुलांना त्यांचीच भाषा शिकवायला उभा असेल, तर? १९५० साली लंडनच्या एका शाळेत नेमके असे घडले. त्या वर्गाचा इतिहास आम्हा शिक्षकांना बरेच काही सांगून जातो.

पूर्वेकडचे उस्ताद विलायतेत जाऊन शिकवीत, ही गोष्ट तशी जुनीच. लखनौचे मीर हसन अली १८१० ते १८१६ या काळात इंग्लंडमधील ॲडिस्कोंब येथे कंपनी सरकारच्या लष्करी विद्यालयात हिंदुस्तानी शिकवीत होते. इराणहून आलेले मिर्झा मुहम्मद इब्राहीम १८२६ ते १८४४ अशी अठरा वर्षे हेलीबरीच्या कॉलेजात फारसीचे अध्यापक होते. पण ही मंडळी आपापल्या भाषेचे जाणकार म्हणून तिथे गेली होती. इंग्रजाच्या पोराला ‘तुझे इंग्रजी सुधार’ असे सांगण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. ती आली ई. आर. ब्रेथवेट यांच्यावर.

ब्रेथवेट यांचा जन्म १९१२ सालचा, दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाच्या जॉर्जटाऊन शहरातला. आईवडील दोघेही ऑक्सफर्डचे पदवीधर. घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, मनात इंग्लंडविषयी अपार निष्ठा. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञानाचे शिक्षण पुरे केले. एवढी पात्रता अंगी असूनही इंजिनिअरिंगच्या धंद्यात त्यांना कुणी नोकरी दिली नाही. मुलाखतीत ते पसंत पडत. मग काळा माणूस गोऱ्या कामगारांवर साहेब म्हणून कसा बसवायचा, अशी अडचण निघे आणि नकार मिळे. अंगावर हवाई दलाचा गणवेश होता तोवर त्यांचा रंग कुणाला खटकला नव्हता. गणवेश उतरला आणि रंग तेवढा शिल्लक राहिला! शेवटचा उपाय म्हणून ते मास्तर झाले आणि लंडनच्या पूर्व भागात, ईस्ट एंडमध्ये, रुजू झाले.

कोकणातल्या वाचकांना हा भाग अगदीच अनोळखी नाही. रत्नागिरी-कुलाब्याचे मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या कंपन्यांच्या आगबोटींवर चाकरी करीत आणि लंडनच्या गोद्यांत उतरत. त्या गोद्यांमागची गरीब वस्ती म्हणजेच ईस्ट एंड. आयरिश हमाल, ज्यू शिंपी, सिल्हेटचे आणि सोमाली खलाशी असे सगळे तिथे दाटीवाटीने राहत. इथल्याच कमर्शियल रोडवर १९४१ साली ईस्ट लंडन मशीद सुरू झाली. तिथून जवळच केबल स्ट्रीट. ऑक्टोबर १९३६ मध्ये मोस्लेच्या फॅसिस्ट मोर्चाला ईस्ट एंडच्या गोरगरिबांनी याच रस्त्यावर अडवले होते. सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट ही ब्रेथवेट यांची शाळा या केबल स्ट्रीटवर होती.

त्या वर्गातली मुले पंधरा वर्षांची, म्हणजे १९३५च्या सुमारास जन्मलेली. शाळेत जायच्या वयात त्यांच्या नशिबी बॉम्बहल्ले आले. कुणाला खेड्यात परक्यांच्या घरी पाठवले गेले, कुणाचे घर पडले. युद्ध सरले तरी रेशनिंग १९५४पर्यंत चालूच होते. शाळा सोडण्याचे किमान वय पंधरा; म्हणजे काही महिन्यांत ही मुले गोदीत, कारखान्यात किंवा शिवणकामाला लागणार होती. अशा मुलांना पुस्तकातल्या राजाराण्यांशी काय देणेघेणे असणार!

नव्या काळ्या मास्तरांचे त्यांनी जे स्वागत केले, त्याचे वर्णन ब्रेथवेट यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू सर, विथ लव्ह’ या पुस्तकात केले आहे. पुस्तकात शाळेचे आणि माणसांचे नाव बदललेले आहे. रचना कादंबरीसारखी आहे. म्हणून त्यातला प्रत्येक संवाद जसाच्या तसा घडला, असे मानायचे कारण नाही. पण कोणत्याही शिक्षकाला त्यातला बेअदबीचा क्रम तत्काळ ओळखीचा वाटेल. त्यांच्या मते त्याचे तीन टप्पे होते. पहिला शांततेचा. मुले नुसती थंड नजरेने बघत राहत, जणू समोर कुणी नाहीच. दुसरा गोंगाटाचा. ऐन शिकवण्याच्या रंगात धाडकन डेस्कचे झाकण आपटायचे आणि साळसूदपणे बसायचे. तिसरा शिवराळपणाचा. मुलेच काय, मुलीही सरांच्या देखत घाणेरडे शब्द वापरू लागल्या. एके दिवशी तर वर्गाच्या शेगडीत किळसवाणी वस्तू जाळण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा त्यांचा संयम सुटला.

संताप ओसरल्यावर त्यांनी जो विचार केला, तो महत्त्वाचा आहे. ही मुले लवकरच कामाच्या जगात मोठी माणसे म्हणून वावरणार; मग वर्गात त्यांना लहान पोरे समजून कसे चालेल? दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे कायदे जाहीर केले. मुलींना ‘मिस’ म्हणायचे, मुलांना आडनावाने हाक मारायची, मास्तरांना ‘सर’ म्हणायचे. कपडे, स्वच्छता, बोलणे यांत मोठ्यांसारखे वागायचे. त्या बदल्यात वर्गात कोणताही प्रश्न मोकळेपणी विचारता येईल. मग शिकवणेच बदलले. मुले म्युझियममध्ये गेली, थिएटरमध्ये गेली आणि तिथे नीट वागली. सरांचा देश, सरांचा रंग यांवर प्रश्न आले. त्यांना रागाऐवजी नकाशाने आणि माहितीने उत्तरे मिळाली.

या प्रसंगांपैकी एक आम्हाला फार मोलाचा वाटतो. वर्गातल्या एका मिश्रवर्णी मुलाची आई वारली. वडील काळे, आई गोरी. वर्गाने पैसे जमवून फुलांचे चक्र घ्यायचे ठरवले. पण ते घेऊन घरी कोण जाणार, असे विचारताच सगळे गप्प झाले. काळ्यांच्या घरी गेलेले कुणी पाहिले तर वस्तीत लोक नावे ठेवतील, ही भीती होती. सरांना जिवापाड मानू लागलेली मुले वस्तीच्या उंबरठ्यावर अडखळली! शेवटी एक मुलगी तयार झाली. दफनाच्या दिवशी मात्र ब्रेथवेट पोहोचले, तर वर्ग तिथे आधीच हजर होता. एका शिक्षकाचा अदब करणे सोपे असते. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या लोकांचा अदब करणे कठीण. तिथवर पोहोचल्याशिवाय तालीम पुरी होत नाही.

इथवरची कथा जगाला ठाऊक आहे. १९६७ साली निघालेल्या चित्रपटात सिडनी पॉईटिए यांनी ही भूमिका केली आणि ‘एकट्या शिक्षकाने उनाड वर्ग सरळ केला’ अशी तिची कीर्ती झाली. खुद्द ब्रेथवेट यांना तो चित्रपट मुळीच आवडला नव्हता. आमची तक्रार निराळी आहे. या कीर्तीत दुसरा उस्ताद झाकला गेला.

तो दुसरा उस्ताद म्हणजे शाळेचे हेडमास्तर अलेक्स ब्लूम. १ ऑक्टोबर १९४५ रोजी, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या परिसरात, त्यांनी ही शाळा सुरू केली. शाळेत भीतीला जागा असू नये, हा त्यांचा पाया होता. छडी नाही, गुणांची चढाओढ नाही, बक्षिसे नाहीत, हुशार आणि ढ अशा तुकड्या नाहीत. शाळेचा कारभार शिक्षक आणि मुले यांच्या समित्यांनी मिळून चालवायचा. शिवाय दर आठवड्याला प्रत्येक मुलाने त्या आठवड्यातल्या शिकवण्याविषयी आपले मत लिहायचे. त्यात शिक्षकावर टीका करायचीही मुभा होती. ब्रेथवेट यांनाही आपल्याविषयी काय लिहिले जाते, ते वाचावे लागले. इंग्लंडच्या सरकारी शाळांत छडीला कायद्याने बंदी १९८७ साली लागू झाली, हे ध्यानी घेतले म्हणजे ब्लूम किती पुढे होते ते कळते.

१९५० मध्ये ब्रेथवेट आले, तेव्हा ही मशागत पाच वर्षे चालू होती. ज्या मुलांना डेस्क आपटायची हिंमत होती, त्यांना मन मोकळे करून लिहायची सवयही होती. बेअदबीच्या आड दडलेले बोलणे ऐकून घेणारे कुणीतरी त्या शाळेत आधीपासून बसले होते. ब्रेथवेट यांचा संयम खरा, धैर्यही खरे. पण छडीवर चालणाऱ्या शाळेत त्याच मुलांसमोर तेच मास्तर कितपत टिकले असते, याची आम्हाला शंका आहे. १९५५ साली ब्लूम वारले आणि त्यांच्यामागे तो प्रयोग त्या रूपात टिकला नाही. ब्रेथवेट पुढे गयानाचे संयुक्त राष्ट्रसंघातील प्रतिनिधी झाले आणि २०१६ साली १०४ वर्षांचे होऊन वारले. एकाचे नाव जगभर झाले, दुसऱ्याचे आज शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

‘त्या वस्तीतली पोरे अशीच’ हे वाक्य ईस्ट एंडविषयी बोलले जाई. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांच्या मुलांविषयी, मुंब्य्राच्या मुलांविषयी तेच वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि ते बोलणारे पुष्कळदा आपलेच लोक असतात. रात्रपाळी करणाऱ्या बापाचा, दाटीच्या खोलीत झोपलेला मुलगा सकाळी वर्गात उद्धटपणे बोलला, की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, त्याच्या रात्रीकडे बघत नाही. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने सतराव्या कलमात मुलांना मारण्यावर बंदी घातली. छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचे, हे अजून अनेक शाळांत ठरलेले नाही. मग टोमणे येतात, वर्गाबाहेर उभे करणे येते, पालकांसमोर पाणउतारा येतो.

ब्लूमसाहेबांचा आठवड्याचा कागद आपल्याकडे आणायला पैसा लागत नाही. जुम्याच्या दिवशी आपल्या उर्दू शाळा लवकर सुटतात. सुटण्याआधीची वीस मिनिटे मुलांना द्यावीत. या आठवड्यात काय समजले, काय समजले नाही, कुणाचे काय खटकले, ते त्यांनी उर्दूत, मराठीत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहावे. नाव घालायची सक्ती नसावी, आणि वाचल्यावर कुणावर डूख धरू नये. पहिल्या काही आठवड्यांत कडू वाचावे लागेल. पण मुलाने डेस्क आपटून सांगण्याऐवजी कागदावर लिहून सांगितले, तर अदबाची सुरुवात तिथेच झाली, असे आम्ही समजतो.