कुलाब्याची सुई, सोलापूरची तार

वेळा मुंबईच्या तेव्हाच्या घड्याळाप्रमाणे.

१ सप्टेंबर १८५९, दुपारी चारनंतर
इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सौरडाग रेखाटत होते. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर अचानक शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके चमकले आणि पाच मिनिटांत विझले.

तो सूर्यावरचा स्फोट होता. त्याचं मूळ प्रभामंडळात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात होतं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. चुलीपासून लांब गेल्यावर धग कमी व्हावी, तसं वर गार व्हायला हवं. पण प्रभामंडळ तापतं १० लाख अंशांच्या पुढे! पृष्ठभागाखालच्या खळबळीने चुंबकीय रेषांना पीळ बसतो. त्यांतल्या लाटा आणि असंख्य बारीक स्फोट ही उष्णता पुरवतात. कोणाचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पीळ अति झाला की रेषा तुटून नव्याने जुळतात. साठलेली ऊर्जा मोकळी होते, इलेक्ट्रॉन-प्रोटॉन प्रचंड वेगाने भिरकावले जातात, कधी चुंबकीय ढगच सुटतो.

रात्रभर
त्या स्फोटासोबत सुटलेला असाच ढग पृथ्वीकडे सेकंदाला सरासरी २,३०० किलोमीटरहून अधिक वेगाने येत होता. कोणालाच खबर नव्हती.

२ सप्टेंबर, सकाळी दहाच्या सुमारास
ढग पृथ्वीवर आदळला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक चुंबकसुईची हालचाल डोळ्यांनी वाचून नोंदी करत होते.

अकरानंतर
चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळली. त्या चुंबकीय वादळाचा जोर आज जगाला कळतो, तो मुख्यतः या चिकाटीच्या नोंदींमुळे.

संध्याकाळ
अमेरिकेत तेव्हा सकाळ. बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढल्या आणि वादळाने तारेत खेळवलेल्या विजेवरच संदेश पाठवले.

आता
१३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण याहून सौम्य वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोलमडली. ६० लाख लोक अंधारात गेले. आपल्याकडेही वीजजाळं आता देशभर एकच आहे: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाशी जोडलं. आपल्याला धोका ध्रुवांजवळच्या देशांपेक्षा कमी, हे खरं. पण १८५९ ची ती घसरण कुलाब्याला, म्हणजे मुंबईतच नोंदली गेली.

भारताचं सूर्यनिरीक्षक यान आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पहारा देतं. १८५९ सारखा ढग तिथून इथे दहा-अकरा मिनिटांत येईल. त्या मिनिटांत कोणती वाहिनी सांभाळायची, भार कुठे कमी करायचा, याची तालीम वीजवाल्यांनी शांत दिवशीच करून ठेवावी.