परक्या उंबरठ्याच्या आंत

दवाखान्यांत रोगी हा वैद्याचा पाहुणा असतो. घरीं मात्र वैद्यच रोग्याचा पाहुणा होतो. हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु पुण्याच्या आणि चिंचवडच्या इतिहासांत त्याची किंमत प्राणांनीं मोजली गेली आहे.

१८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला व लवकरच तो पुण्यास पोंचला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथरोगांचा कायदा झाला आणि रँड या अधिकाऱ्याच्या हातीं पुण्याचा बंदोबस्त आला. मार्चमध्यें गोऱ्या शिपायांनीं घरें तपासण्यास आरंभ केला. देवघर, माजघर, कोठेंच मज्जाव उरला नाहीं. रोगी हुडकून वेगळा करावा हा हेतु वैद्यकदृष्ट्या समजण्यासारखा होता. परंतु संमतीवांचून घरांत शिरलेला उपचार शत्रूच ठरतो. लोक रोगी लपवूं लागले आणि साथीस आयताच आसरा मिळाला. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडणारे चाफेकर बंधु चिंचवडचे होते, हें सर्वविश्रुत आहे.

त्याच मार्च महिन्यांत दुसरेंही एक चित्र दिसतें. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथें पोंचवीत, आणि तें करतां करतांच १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनें त्यांचा अंत झाला. रोगी हलविणें दोन्हीकडे होतें. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे सेवा होती.

पुढें सुमारें शंभर वर्षांनीं हाच धडा गडचिरोलीनें उलट्या बाजूनें गिरविला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलें. बाळंतिणीच्या खोलींत परक्यास प्रवेश मिळणें कठीण. पण गांवचीच बाई हात धुऊन, झोळीच्या काट्यावर बाळ तोलूं लागली, त्यास ऊब कशी द्यावी तें आईला दाखवूं लागली, तेव्हां दार आपण होऊन उघडलें. जंतुसंसर्ग झाल्यास औषधोपचारही तीच करी. अशा घरोघरच्या सेवेनें तिसऱ्या वर्षीं नवजात अर्भकांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें तो वृत्तान्त छापला.

आतां पुन्हां चिंचवडकडे वळूं. १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला; पुढें कारखान्यांची वस्ती चाकणपर्यंत पसरली. शरीरास पुन्हां चालतें करणारी विद्याही आपल्याकडे त्याच सुमारास रुजली. १९५० सालीं कमलाबाई निंबकर यांनीं मुंबईस व्यवसायोपचाराची शाळा काढली. आज अर्धांगवायूनें पडलेल्या वृद्धाकडे किंवा पाय मोडलेल्या कामगाराकडे फिजिओथेरपिस्ट घरीं जातात. तेथें उंच पलंग नसतो. रोगी जमिनीवर अंथरुणांत, आणि त्याच खोलींत रात्रपाळी करून आलेला भाऊ निजलेला. व्यायामानें रोगी कण्हला कीं घरचे वडीलधारे म्हणतात, “राहूं द्या, त्याला विसांवा घेऊं द्या.” एकट्या तरुण स्त्रीस अनोळखी घराची पायरी चढतांना वेगळीच सावधगिरी बाळगावी लागते, हांकेस धांवणारा सहकारी तेथें नसतो. तथापि घराचा लाभही मोठा आहे. ज्या मोरींत आणि ज्या जिन्यावर रोग्यास आयुष्य काढावयाचें, तेथेंच त्याला तोल सांवरण्यास शिकवितां येतें.

असा उपचारक तासभर थांबतो. उरलेला दिवस घराच्याच हातीं असतो. म्हणून त्यानें परवानगी मागून आंत यावें, आणि घरानेंही त्यास चहा देऊन मोकळें होऊं नये. एकानें त्याच्या शेजारीं बसावें, व्यायाम शिकून घ्यावा आणि तो गेल्यावर करवून घ्यावा. १८९७ मध्यें पुण्याला जी संमति कोणीं विचारली नाहीं, ती आज विचारली जाते. ती देतांना कामांत आपला हातही द्यावा, एवढेंच घरानें करावयाचें आहे.